बारवेवरचे बिनघरचे पाहुणे

आमची सहल जळगावातून निघाली तेव्हा बसच्या पुढच्या काचेखाली एक फ्लेक्स बांधलेला होता. त्यावर हिरव्या अक्षरांत 'प्लास्टिकमुक्त वारसा सहल' असं लिहिलेलं आणि शेजारी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा अलकाताईंचा हात जोडलेला फोटो. फ्लेक्स प्लास्टिकचा, बांधायची दोरी नायलॉनची. मी आपलं सहज म्हटलं, "ताई, हे प्लास्टिकच आहे ना?" तर म्हणाल्या, "अक्का, तो बोर्ड आहे." म्हणजे प्लास्टिकवर चांगलं काहीतरी छापलं की त्याचं प्लास्टिकपण धुऊन निघतं. मला या वयात नवीन शिकायला मिळालं.

बसमध्ये बसल्यावर प्रत्येकीला एकेक कापडी पिशवी वाटली. पिशवी छान होती, मंडळाचं नाव छापलेली, आणि चुरचुर वाजणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. सगळ्या बसभर ती पाकिटं फाडल्याचा आवाज झाला. मग त्या पाकिटांचं काय करायचं, हा प्रश्न आला. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "सीटखाली राहू द्या ताई, मी बघतो." त्यांनी काय बघितलं ते पुढे सांगते.

अलकाताईंबद्दल गैरसमज नको बरं का. डाळमिलवाल्यांच्या घरची बाई, मनाने मोकळी. कॉलनीत कोणाकडे आजारपण असलं की पहिला डबा त्यांच्या घरून येतो. पण सहलीला निघालं की त्यांच्या अंगात पुढारी संचारतो. आणि आम्हीही तशाच. घरी नळ टपकला तर जीव वरखाली करणाऱ्या बायका, गावाच्या वेशीबाहेर पडलो की सगळं जग म्हणजे आमचं मागचं अंगण.

ज्या गावाला गेलो त्याचं नाव मी लिहिणार नाही. शिंदखेड्याच्या पुढे, तापीच्या अंगाला, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तुम्ही येत्या रविवारी गाडी काढाल, आणि रविवारी गाडी काढणारी माणसं जुन्या गावात काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या माणसांत मीही होते.

धरणगाव मागे टाकलं, अमळनेरला चहाला थांबलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी, मधूनमधून हरभऱ्याची हिरवळ. चहा घेऊन परत येते तर काय, ड्रायव्हरभाऊ केरसुणीने बस झाडत होते. सगळी पाकिटं मागच्या दारातून थेट गटारीत. मी म्हटलं, "भाऊ, हे काय?" ते म्हणाले, "अक्का, तुमची सहल प्लास्टिकमुक्त आहे ना? झाली मुक्त." अलकाताईंनी ऐकलं नाही, त्या तेव्हा फ्लेक्ससमोर उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या.

गावात पोचलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. जुनी दगडी वेस, तिच्या कमानीत कबुतरं. पुढे पडकी गढी. आणि गढीच्या पायथ्याशी, घरांच्या अगदी समोर, ती बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमच्या लहानपणी हे समजावून सांगावं लागत नसे. काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, दोन्ही भिंतींत कोनाडे, एका खांबावर वेल कोरलेली. वेलीच्या पानापानावर कोणी कोणावर प्रेम करतो ते खिळ्याने खरडून ठेवलेलं. तळाशी हिरवं, गप्प पाणी. ऊन वर राहतं, खाली उतरलं की अंगाला गार हवा लागते. मला एकदम बरं वाटलं. इथे बसून राहावं, काही बोलू नये, असं वाटलं, आणि मला असं फार कमी वेळा वाटतं.

पायऱ्या ओल्या होत्या, नुकत्या धुतल्यासारख्या. "किती स्वच्छ ठेवलंय गावाने," अलकाताई म्हणाल्या. कोणी धुतलं, हे कोणीच विचारलं नाही. वर तोंडाशी एक लोखंडी पाटी होती: 'ही ऐतिहासिक वास्तू आपली आहे. कचरा टाकू नये. हुकुमावरून.' पाटीच्या मागे बिस्किटांचे, वेफर्सचे कागद. आणि आतल्या वरच्या कोनाड्यांत, जिथे हात सहज पोचत नाही, तिथे बाटल्या उभ्या करून ठेवलेल्या, एखादा देव बसवावा तशा. लाज पुरती सुटलेली नाही आणि आळसही सुटत नाही, अशी माणसं कचरा टाकत नाहीत, कोनाड्यात ठेवतात.

त्या पायऱ्यांवर उभं राहून आम्ही शपथ घेतली. प्लास्टिक वापरणार नाही, वारसा जपेन, वगैरे. पाण्यावरून आवाज घुमून परत येत होता, त्यामुळे सगळ्यांना आपण फार खरं बोलतोय असं वाटलं.

मग जेवण. आणि इथे माझा हात आहे. आमच्या पुतण्याचा रावेरकडे केळीचा मळा आहे. प्लास्टिकच्या पत्रावळी नको, थर्माकोल नको, म्हणून केळीची पानं मीच आणली होती, भारा बांधून. अलकाताईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वरच्या पायऱ्यांवर ओळीने पानं मांडली. वांग्याचं भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कांद्याची पात, वरून कच्च्या तेलाची धार. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास त्या गार दगडात असा भरून राहिला की काय सांगू. आमच्या मंडळातल्या कांताबाई मारवाडी जैन, त्या वांगं खात नाहीत, कांदा खात नाहीत. त्यांनी आपले खाकरे आणि मुगाची डाळ काढली, जेवून झाल्यावर आपली वाटी पाण्याने विसळली आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्यांच्यात ताटात कण ठेवत नाहीत. आम्ही त्यांना हसलो. "कांताबाई, वाटीही खाऊन टाका," कोणीतरी म्हणालं.

जेवणं झाली आणि पानांचं काय, असं मी विचारलं. अलकाताई म्हणाल्या, "टाका खाली. पान आहे, कुजून जाईल. नैसर्गिक आहे ना." म्हणजे बघा, प्लास्टिकची एवढीशी पिशवी कोणी टाकली असती तर आरडाओरडा झाला असता. पण पान म्हटल्यावर सगळ्यांना मोकळीक मिळाली. भरताचा तेलकट राडा, भाकरीचे तुकडे, मिरच्यांचे देठ, सगळं पानात गुंडाळलं आणि खाली भिरकावलं. काही पायऱ्यांवर पडलं, बरंचसं पाण्यात. केळीच्या मुलखातल्या बायका आम्ही, केळीचं पान म्हणजे आम्हाला कचरा वाटतच नाही. माझंही पान मी टाकलं. गुडघे दुखतात, वर कोण चढून जातं.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. फोटोसाठी फ्लेक्स बसवरून काढून बारवेच्या कठड्याला टांगला होता, तो एका बाजूने सुटला, गिरकी घेतली आणि अलकाताई हात जोडलेल्या अवस्थेत पाण्यात पडल्या. तरंगत राहिल्या. भोवती केळीची पानं.

आम्ही हसून घेतोय तोवर समोरच्या घरातून एक बाई आली. उंच, काटक, डोक्यावरून पदर, जेवता जेवता उठल्यासारखी. हातात काठी नाही, केरसुणी नाही, दोन्ही हात कमरेवर. खाली पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. शिवी देईल म्हणून मी तयार राहिले. तिने विचारलं, "कोना घरना पाव्हना शेतस तुम्ही?" (कोणाच्या घरचे पाहुणे आहात तुम्ही?)

अलकाताई पुढे झाल्या. "आम्ही जळगावहून आलोय मावशी. महिला मंडळ आहे आमचं."

"ते दिखी राहिनं. कोना घर उनात?" (ते दिसतंय. कोणाच्या घरी आलात?)

"घरी नाही, बारव बघायला आलोय. वारसा आहे ना हा आपला."

"म्हणजे कोनाच नही," ती बाई म्हणाली.

तिचं नाव केसरबाई. पुढचं ती मराठीतच बोलली, शहरातल्या माणसांशी बोलावं तशी, सावकाश. पानं कोणी आणली, असं तिने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोच्या वेळी मंडळ असतं, अशा वेळी अक्का असते.

"ती कुजून जातात मावशी," अलकाताई म्हणाल्या. "नैसर्गिक आहेत."

"शेण बी नैसर्गिकच असतं बाई. तुझ्या घरच्या टाकीत आणून टाकू का?"

मग तिने सांगितलं ते असं. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते. रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची, रात्र गाण्यांनी जागवायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायची. भाऊबंद सुरतेला असोत की पुण्याला, कानबाईला घरी येतात. केसरबाईच्या घरची कानबाई तिच्या सासूच्या सासूपासून या बारवेत जाते. आता बाहेरचे लोक येऊन घाण करतात म्हणून ग्रामसभेत ठरलं होतं की बारवेला लोखंडी दार बसवायचं. लोखंड येऊन पडलेलं. केसरबाईने भांडून एकच सवलत मिळवली होती: उद्या सकाळी सरपंच बघायला येणार, स्वच्छ दिसली तर दार नाही. घाण दिसली तर दार, कुलूप, आणि किल्ली ग्रामसेवकाकडे.

"आणि ग्रामसेवक राहतो धुळ्याला," केसरबाई म्हणाली. "तो सोमवारी उगवतो की बुधवारी, त्याच्या बायकोला माहीत नसतं. मी कानबाई डोक्यावर घेऊन धुळ्याला फोन लावू? का अंगणातल्या पाण्याच्या टिपाडात बुडवू तिला?"

पायऱ्या तिने आणि शेजारच्या रखमाबाईने सकाळपासून धुतल्या होत्या. दोघी भाकरी खायला आत गेल्या आणि तेवढ्यात आमची शपथ, जेवण आणि सगळं उरकलं.

आता तुम्हाला वाटेल, हे ऐकल्यावर आम्ही शरमेने खाली उतरलो असू. छे. आधी एकीने सांगितलं की ग्रामपंचायतीने एक माणूस ठेवायला हवा. दुसरी पाटीपाशी जाऊन वाचून आली आणि म्हणाली, "पानं टाकू नका असं कुठे लिहिलंय यात?" तिसरीने मोबाइल काढला, "आपण याचा व्हिडिओ करून लोकांना आवाहन करू." म्हणजे लोक म्हणजे दुसरे. अलकाताईंनी तर तिथल्या तिथे घोषणा केली की मंडळातर्फे कचरापेटी भेट देऊ, नाव घालून.

"पेटी आहे," केसरबाई म्हणाली. "त्यात कुत्री व्यालीय."

यावरही सगळ्या हसल्या आणि कोणी जागची हलली नाही. मीही नाही. माझ्याकडे गुडघ्यांचं कारण होतं. कारण सगळ्यांकडेच असतं.

सरपंच उद्या सकाळी येणार होता आणि आम्ही तासाभरात निघणार होतो. रागावून उपयोग नाही हे केसरबाईला कळलं असावं, कारण ती एकदम माझ्याकडे वळली. "अक्का, तुझं माहेर कुठलं?"

"साक्रीकडचं," मी म्हटलं आणि गावाचं नाव सांगितलं.

तिचा चेहरा बदलला. "तठे मनी ननंद देयेल शे." (तिथे माझी नणंद दिलेली आहे.)

मग काय विचारता. नणंदेच्या सासऱ्याचं नाव काढलं, ते आमच्या वाड्यापलीकडचे निघाले, आणि इतकी वर्षं जळगावच्या बोलण्याखाली दबलेली माझी माहेरची भाषा भसकन तोंडात आली. "माय व, तू तर आमना घरनी," मी बोलून गेले. (तू तर आमच्या घरची.)

"मंग चाल, पानी पे," ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्यापुरतं झालं. पण ती पुढे सरकली. कांताबाईंना विचारलं. त्यांच्या भावाची दोंडाईच्याला मिरचीची पेढी. "त्याच मारवाड्याकडे आमचे जेठ (थोरले दीर) मिरची न्यायचे. तू माझ्या जेठाच्या घरची पाहुणी." तिने हाक मारली, शेजारच्या ओट्यावरून एक बाई उठली आणि कांताबाईंना घेऊन गेली. तिसरीची बहीण नरडाण्याला, चौथीचा जावई शिरपूरला. खानदेशात तीन प्रश्नांत नातं निघत नाही असा माणूस नाही. वऱ्हाड उतरवतात तशा तिने आम्हाला घराघरांत वाटून टाकलं. शेवटी अलकाताई राहिल्या. त्यांचं सगळं गोत विदर्भातलं. इकडे कोणीच नाही. मंडळाच्या अध्यक्षा, बारवेच्या तोंडाशी एकट्या उभ्या. इतकी केविलवाणी बाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"ये मा, तू मना घर ये," रखमाबाई म्हणाली. "मन्हा बी जळगावले कोनीच नही." (माझंही जळगावला कोणी नाही.) आणि अलकाताई बकऱ्यांमधून वाट काढत तिच्या मागे गेल्या.

केसरबाईचं घर दोन खणांचं, सारवलेलं. कोपऱ्यात कानबाईचा चौरंग भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर स्वच्छ फडकं. तिने तांब्या-पेला दिला, भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या, चूल पेटवून चहा टाकला. माझ्या माहेरच्या माणसांच्या चौकशा केल्या. कोण गेलं, कोण आहे. पानांबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. तिचं दार नेमकं बारवेसमोर. मी पाटावर बसून चहा पीत होते आणि दारातून मला माझ्या पुतण्याच्या मळ्यातली पानं पायऱ्यांवर पडलेली दिसत होती. ज्या घरात चहा प्यायचा त्याच घराच्या दारात मी उष्टं टाकलं होतं. चहा गोड होता.

निघताना तिने कुंकू लावलं.

बाहेर आले तर अलकाताई माझ्या आधी बारवेत. साडी खोचलेली, हातात रखमाबाईची टोपली, कपाळावर केवढं थोरलं कुंकू. एकेका घरातून एकेक बाई बाहेर आली आणि गपचूप पायऱ्या उतरली. मी बसून बसून, एकेक पायरी खाली सरकत उतरले, गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. कांताबाईंनी कोनाड्यांतल्या बाटल्या काढून आमच्या त्या छापील कापडी पिशवीत भरल्या. पिशव्यांचा तेवढाच उपयोग झाला. ड्रायव्हरभाऊंनाही कोणीतरी चहा पाजला होता, ते शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी घेऊन आले आणि पाण्यातली पानं ओढून काढली. शेवटी फ्लेक्स काढला. पानं रखमाबाईच्या बकऱ्यांपुढे टाकली, त्यांनी ती बघता बघता संपवली. बकऱ्या वीस पावलांवर बांधलेल्या होत्या. आम्ही जेवत होतो तेव्हाही तिथेच होत्या.

त्या कामाचा एकही फोटो नाही. बाकी सगळ्याचे आहेत.

परतताना बसमध्ये मी त्या पाटीचा विचार करत होते. 'ही वास्तू आपली आहे.' अहो, आपली म्हटलं म्हणूनच तर ही गत. आपल्या घरात माणूस कसा राहतो? चपला इकडे, टॉवेल तिकडे. दुसऱ्याच्या घरी मात्र पाय पोटाशी घेऊन बसतो, चहाची कपबशी स्वतः मोरीत नेऊन ठेवतो. पाट्या लिहिणारे हुशार लोक आम्हाला सांगत सुटलेत की हे सगळं तुमचं आहे, आणि आम्ही ते मनावर घेतो. दंड लावा, शपथा द्या, पेट्या वाटा, आमच्यावर काडीचा परिणाम होत नाही. कोणी नुसतं घर विचारलं की मात्र अंगातलं वारं उतरतं.

त्यामुळे आम्ही सुधारलो असं समजू नका. बेटावद यायच्या आत बसमध्ये वेफर्स फिरले, आणि बेटावदच्या वळणावर तीन-चार पुडे खिडकीतून उडाले. बेटावदला आमचं कोणी नव्हतं.

सरपंच आला का, दार बसलं का, हे मला कळायला मार्ग नव्हता. चार-दोन वेळा वाटलं, विचारावं. पण वाईट उत्तर आलं तर, म्हणून राहून गेलं. श्रावणात एक दिवस साक्रीकडच्या नणंदेकडून माझा नंबर मिळवून केसरबाईने फोन केला. "कानबाईले ये. पाव्हनी शे ना तू?" दाराचं विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

मी पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरले, तिथून काळी-पिवळी जीपने गाव गाठलं. वेशीतून आत आले आणि पहिली गोष्ट दिसली ती दार. लोखंडी, निळा रंग दिलेलं, बारवेच्या तोंडाशी घट्ट बसवलेलं. दाराला कुलूप. माझे पाय तिथेच थांबले. भरीत आठवलं, पानं आठवली. तशीच मी केसरबाईच्या घरात शिरले.

केसरबाई नारळाला डोळे चिकटवत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "दार पाहिलंस?"

"पाहिलं. आमच्यामुळे ना?"

"तुमच्यामुळे नाही. तुम्ही धुऊन गेलात, सकाळी सरपंच आबा आले, चकचकीत दिसली. पण लोखंड आणलेलं. ते गंजवायचं का, म्हणे." नथ अडकवत तिने पदराच्या गाठीकडे बोट दाखवलं. गाठीला किल्ली होती. "मी म्हटलं, बसवा दार. किल्ली धुळ्याला नाही जायची, किल्ली आमच्या आळीत राहील. एक महिना मी, एक महिना रखमा, अशी फिरेल. ज्याला बारव बघायची त्याने आमच्या दाराशी यायचं. कोणाच्या घरचा ते सांगायचं, पाणी प्यायचं, किल्ली न्यायची. आणि किल्ली स्वतःच्या हाताने परत आणून द्यायची. म्हणजे तोंड दाखवावं लागतं."

"आणि ज्याला कोणीच नाही?"

"त्याला आम्ही देतो ना कोणीतरी. तुझ्या त्या अलकाला दिलं तसं."

रखमाबाईच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर काहीतरी हिरवं चमकत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर आमचा फ्लेक्स. 'प्लास्टिकमुक्त' हा शब्द उलटा, आणि अलकाताई आडव्या, हात जोडलेल्या, खाली बकऱ्या कोरड्या. "लई मजबूत शे," रखमाबाई कौतुकाने म्हणाली. आमच्या अख्ख्या सहलीने त्या गावाला दिलेली एवढी एकच कामाची वस्तू.

सोमवारी सकाळी केसरबाईने कानबाई डोक्यावर घेतली. सुरतेचे भाऊबंद, धुळ्याचे, सगळे पुढे नाचत. गाठीची किल्ली सोडून तिने माझ्या हातात दिली. कुलूप जरा अडत होतं, पण निघालं. दार उघडलं तसा तो गार वारा अंगावर आला. कोनाडे रिकामे. पाणी हिरवं, स्वच्छ, त्यावर एक पान नाही. केसरबाई एकेक पायरी उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि कानबाई जिथे दरवर्षी जाते तिथे गेली. वर आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. मी तिकडे पाहिलं नाही, काही गोष्टी पाहायच्या नसतात.

दुपारी मी ओट्यावर बसले होते, किल्ली अजून माझ्याकडेच. एक पांढरी गाडी आली, हॉर्न वाजवत. गॉगलवाल्या गृहस्थाने काच खाली केली. "इथे बारव आहे ना? कुलूप का आहे? तिकीट कुठे मिळतं?"

"तिकीट नाही," मी म्हटलं. "कोना घरना पाव्हना शेतस?"

"काय?"

"कोणाच्या घरचे पाहुणे आहात?"

"आम्ही फक्त बघायला आलोय मावशी. पाच मिनिटं. रील करून निघू."

"बघा की. उतरा, पाणी प्या, घर सांगा."

"पाणी आहे आमच्याकडे." त्यांनी बाटली दाखवली. म्हणाले, हा काय प्रकार आहे, ऐतिहासिक वास्तू सगळ्यांची असते. मी म्हटलं, सगळ्यांची होती तेव्हा फार घाण होती. त्यांनी काच वर केली. जातात तर जाऊ दे, असं मी म्हणणारच होते, तर दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांची बायको खाली उतरली. डोक्यावरचा गॉगल काढून पर्समध्ये ठेवला आणि हळूच म्हणाली, "माझ्या मामाचं गाव नंदुरबार. चालेल का?"

मी आत पाहिलं. केसरबाई आतूनच म्हणाली, "चालस. बठ म्हना." (चालतं. बस म्हणावं.)

संध्याकाळच्या गाडीने मी जळगावला परत आले. रिक्षा घराकडे वळायच्या आत मंडळाचा निरोप मोबाइलवर आलेला: दिवाळीनंतर एका किल्ल्यावर सहल. मनात म्हटलं, झालं, आता त्या किल्ल्याचं काही खरं नाही. रात्री जेवून झाल्यावर अलकाताईंचाच फोन आला. "अक्का, पानं आणाल ना मळ्यातून?"

"आणते," मी म्हटलं. "पण कोणाचे पाहुणे म्हणून जायचं, ते आधी ठरवा."

"ठरलंय. रखमाबाईची बहीण दिलीय त्या गावात. बोलणं झालं माझं."

रखमाबाईचा नंबर या बाईने ठेवला होता, आणि मला सांगितलाही नव्हता. मला जरा बरं वाटलं आणि जरा हेवाही वाटला. मग आठवण झाली म्हणून विचारलं, "आणि ताई, या वेळी तो फ्लेक्स?"

"करायचाय ना," अलकाताई म्हणाल्या. "मोठा करायला सांगितलाय. रखमाबाईच्या बहिणीकडे बकऱ्या जास्त आहेत."